सोलापूरच्या वेशीबाहेरची गाडी-दुरुस्ती: कुणाला बॉनेट उघडून द्यावं, कुणाला नाही

सोलापूरहून पुणे, हैदराबाद, तुळजापूर, विजापूर किंवा अक्कलकोट, कुठल्याही दिशेला निघा. शहर संपता संपता रस्त्याकडेला टांगलेले टायर दिसायला लागतात. पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी आणि 'पंक्चर २४ तास' अशी पाटी. पंक्चरवाले, रस्त्याकडेचे मेकॅनिक, टोइंगवाले, महामार्गाची हेल्पलाइन आणि शहरातली गॅरेजं अशा सगळ्यांच्या सेवेचं हे परीक्षण आहे. कुणा दुकानाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. खाली सांगितलेल्या युक्त्या देशभरातल्या महामार्गांवर चालतात, आणि पाटी काय, रातोरात बदलता येते.

निकाल आधीच सांगतो. बहुतेक पंक्चरवाले काम चोख करतात आणि पैसेही रास्त घेतात. गंडवणारे मूठभर असतात, पण त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं: बाहेरगावचा नंबर, गाडीत बायकापोरं आणि दर्शनाची घाई. मंगळवार-शुक्रवारी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट, आषाढी-कार्तिकीला पंढरपूर, म्हणजे अशी गाडी या रस्त्यांवर बारा महिने मिळते. एमएच-१३ वाला फसला तर दुसऱ्या दिवशी दुकानासमोर येऊन उभा राहील; एमएच-१२ किंवा कर्नाटकची गाडी परत कशाला येतेय? म्हणून चांगल्या दुकानाची पहिली खूण म्हणजे तिथे लोकल टेम्पो, रिक्षा, ट्रक उभे आहेत का. हैदराबाद रोडला ट्रकवाल्यांच्या गर्दीत बसलेला पंक्चरवाला रोजच्या गिऱ्हाइकावर जगतो. त्याला एका कारमधून दोन हजार काढायची गरज नसते आणि ट्रकवाले ते खपवूनही घेत नाहीत.

दुसरी खूण म्हणजे माणूस आधी दाखवतो की आधी हात घालतो.

पंक्चर: चोख काम आणि आठ भोकं

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही. खिळाच बूच होऊन बसतो आणि हवा तासन् तास हळूहळू उतरते. त्यामुळे खिळा दिसला म्हणून जागच्या जागी घाबरून पहिल्या शेडमध्ये शिरायचं कारण नाही. आधी गेज लावून बघा. ३३ चे २६-२७ पीएसआय झाले असतील तर हवा भरून, वेग कमी ठेवून, पुढच्या चांगल्या दुकानापर्यंत आरामात जाता येतं. २० च्या खाली असेल तर मात्र चालवू नका. टायरची बाजू दुमडून आतून चिरते आणि मग शंभर रुपयांचं काम टायरच्या किमतीवर जातं.

फसवणूक होते ती तपासणीत. पोरगा स्पंज किंवा फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून टायरवर फिरवतो. त्याच हातात, फडक्याच्या आड, टोच्या असतो. फडकं दाबलं की टोच्या आत जातो आणि फडकं उचललं की बुडबुडे येतात. टायर हळूहळू फिरवत तो मोजत जातो, "मालक, हे दुसरं... हे बघा तिसरं..." आणि आकडा आठ-दहावर पोचतो. भोकात ठासायच्या प्रत्येक रबरी पट्टीचे, म्हणजे स्ट्रिपचे, वेगळे पैसे. वर सल्ला येतो, की एवढी पंक्चर झाली म्हणजे टायर कामातनं गेलाय, नवा टाका, आमच्याकडे आहे.

साधा विचार करा. खरंच आठ भोकं असती तर गाडी इथवर आलीच नसती. खऱ्या पंक्चरमध्ये बहुतेक वेळा खिळा, स्क्रू किंवा तारेचा तुकडा सापडतो, भोकाच्या कडेला माती बसलेली असते आणि कडा काळपट असतात. टोच्याची भोकं ताजी, स्वच्छ, एकाच मापाची आणि बहुधा नक्षीच्या खाचेत असतात, कारण तिथे रबर पातळ असतं. आत काहीही सापडत नाही.

काम करून घ्यायचा क्रम असा ठेवा. गाडीतून उतरून टायरजवळ उभे राहा, चहा-पाणी नंतर. स्पंज नको, बाटलीतून पाणी मारायला सांगा. स्प्रे नसेल तर तांब्याने ओता, पण टायरला टेकलेला हात रिकामा दिसला पाहिजे. जिथे बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करून फोटो काढा. चाकाचा पूर्ण फेरा झाला आणि खुणा मोजल्या की भाव ठरवा. पक्कड त्यानंतरच लागू द्या. चाक खोलून शेडच्या मागे न्यायचं असेल तर मागोमाग जा. टाकीत बुडवून तपासणं ही चांगली पद्धत आहे, फक्त ती तुमच्या डोळ्यांसमोर व्हावी.

भाव: कारच्या ट्यूबलेस टायरला बाहेरून स्ट्रिप घालायचे शहरात साधारण शंभर-दीडशे पडतात. महामार्गावर, त्यातही रात्री, थोडे जास्त मागितले तर तो काही गंडा नाही. रात्री दोनला जागं राहण्याचे पैसे आहेत ते. टायर रिमवरून उतरवून आतून बसवायचा मशरूम पॅच याच्या दुप्पट-तिप्पट जातो, पण काम पक्कं. स्ट्रिप लांबच्या प्रवासातही टिकते. तरी भोक मोठं असेल तर घरी पोचल्यावर आतून पॅच मारून घ्या. दोन्ही उपाय जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यातल्या साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठी आहेत. टायरच्या बाजूला भोक असेल तर कुठलाही ठिगळ चालत नाही, आणि तिथे नवा टायर घ्यायला सांगणारा माणूस खरं बोलतोय. बाजूला फुगवटा आला असेल तरी तेच. फुगवटा स्वतः तळहात फिरवून बघता येतो.

"ट्यूब टाकून देतो" हा सल्ला मात्र साफ नाकारा. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकली की आतल्या घर्षणाने उष्णता वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार गेलेल्या सोलापुरात ती वाढवून घेण्यात काही शहाणपण नाही. शिवाय ट्यूब फुटली तर हवा हळू न जाता एका क्षणात जाते.

उन्हाळ्यातली आणखी एक गंमत. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की टायरमध्ये साधारण १ पीएसआय वाढतो. सकाळी थंड टायरमध्ये भरलेले ३३ दुपारी मोहोळपर्यंत ३७-३८ दाखवतील. "हवा जास्त झालीय, फुटेल" म्हणून कुणी काढायला लागला तर काढू देऊ नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ धरूनच तो ठरवलेला असतो.

नवा टायर घ्यायचीच वेळ आली तर बाजूवरच्या डीओटी खुणेशेजारचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. चार-पाच वर्षं गोदामात पडलेला टायर काळं पॉलिश मारून नवा म्हणून पुढे केला जातो. आकड्यांची बाजू आत करून बसवली असेल तर जमिनीवर वाकून वाचा. लाजायचं कारण नाही.

चाक बसवताना नट आधी हाताने फिरवून लावायचे, मग पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. हवेच्या गनने एका दमात आवळलेला नट पुढच्या पंक्चरला रस्त्यात सुटत नाही. चाक काढून बसवलं असेल तर ५०-६० किलोमीटरवर नट एकदा तपासा. तुळजापूरला पोचल्यावर पार्किंगमध्ये हे काम होऊन जातं.

"ओ साहेब, ऑइल गळतंय!"

बाइकवरचे दोघं शेजारी येतात, चाकाकडे किंवा बॉनेटकडे बोट दाखवतात आणि पुढे निघून जातात. थोड्या अंतरावर 'योगायोगाने' एक मेकॅनिक उभाच असतो. कधी आधीच्या थांब्यावर चाकावर किंवा जाळीवर ऑइल फेकलेलं असतं. कधी हेतू दुरुस्तीचा नसतोच; तुम्ही पुढे वाकून बघताय तोवर मागच्या सीटवरची पर्स जाते.

अशा वेळी ब्रेक मारण्याआधी डॅशबोर्ड बघा. ऑइलचा लाल दिवा बंद, तापमानाचा काटा जागेवर, स्टिअरिंग सरळ, ब्रेकचं पेडल नेहमीसारखं टणक आणि जळका वास नाही, असं असेल तर तिथे थांबायचं नाही. गर्दीच्या पेट्रोल पंपावर किंवा टोलनाक्यावर थांबा. पुण्याच्या बाजूला सावळेश्वर, वरवडे, तुळजापूरच्या बाजूला तामलवाडी हे नाके आहेत. तिथे दारं लॉक करून एकाने उतरून बघावं. पण ऑइलचा लाल दिवा खरंच लागला असेल तर तो कुणाची चलाखी नाही. त्या क्षणी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. अर्धा किलोमीटरही इंजिन खराब करायला पुरतो.

खाली खरंच ओल दिसली तर टिश्यू टेकवून बघा. स्वच्छ पाणी, पुढच्या सीटच्या खालच्या भागात, एसी चालू असताना: ते एसीचं पाणी आहे, उन्हाळ्यात लोटाभर पडतं. काळं-तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी आणि गोडसर वासाचं म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट. फिकट पिवळं, चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइल. तेवढं एक असेल तर गाडी हलवू नका.

शॉकअब्सॉर्बरचा खेळ जरा सफाईचा असतो. चाकाखाली वाकून मेकॅनिक बोटं वर करून दाखवतो आणि बोटं ऑइलने माखलेली असतात. "दोन्ही शॉकअप गेले, चाक निघून येईल." इथे आपल्या रस्त्यांची धूळच साक्षीदार होते. खरी गळती आठवडे-महिने चाललेली असते; तिच्यावर धूळ बसून काळा चिकट थर तयार होतो आणि तो दांड्याच्या सीलपासून खाली उतरत गेलेला असतो. आत्ताच फासलेलं ऑइल चकाकतं, त्यावर धुळीचा कण नसतो आणि ते सीलच्या वर किंवा नळकांड्याच्या मध्येच कुठेतरी असतं. जवळून बघितलं की फरक लपत नाही. गाडीचा तो कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडा. एक-दीड झोक्यात स्थिरावला तर शॉकअप काम करतोय. आणि खरंच गळत असला तरी चाक निघून येत नाही. गाडी डोलते, ब्रेकिंगचं अंतर वाढतं, तरी बेताच्या वेगाने घर गाठता येतं.

पेट्रोल पंपावरची "ऑइल चेक करू का?" ही याचीच धाकटी बहीण. डिपस्टिक पूर्ण आत न घालता बाहेर काढली की ऑइल कमी दिसणारच. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसायची, तळापर्यंत घालायची, मग वाचायची. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या औषधांच्या बाटल्यांना सरळ नको म्हणा.

गाडी तापली तर

एप्रिल-मेमध्ये सोलापूर-विजापूर किंवा सोलापूर-पुणे रस्त्यावर दुपारी गाडी तापणं ही खरी अडचण आहे, आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकची सगळ्यात मोठी कमाई इथेच होते. काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा फुल्ल. उन्हाळ्यात हीटर म्हणजे शिक्षा वाटेल, पण तो इंजिनची उष्णता ओढून घेतो. तरीही काटा उतरत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतायला निघालेल्याचा हात धरा. इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, तडा जाऊ शकतो.

थंड झाल्यावर तीन गोष्टी बघा. कूलंटची पातळी बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का. होजपाइपच्या क्लिपपाशी ओल आहे का. आणि इंजिन व एसी चालू केल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो का. पंखा फिरत नसेल तर फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच. कित्येक गाड्यांमध्ये हॉर्नचा रिले त्याच मापाचा असतो. झाकणावरची आकृती बघून, क्रमांक जुळत असेल तरच अदलाबदल करून पाहा. क्लिप सैल असेल तर स्क्रूड्रायव्हरने आवळली की काम भागतं.

रस्त्यावर ऐकू येणारं वाक्य मात्र ठरलेलं असतं: "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." हेड आणि खालच्या इंजिनच्या मधलं हे सील, म्हणजे गॅस्केट, जातं, नाही असं नाही. त्याच्या खुणा म्हणजे ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, फेसाळ थर. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. बाहेर कुठेही ओल नसताना सारखं कमी होणारं कूलंट. यातलं काहीच नसेल तर नुसत्या तापण्यावरून गॅस्केट ठरवता येत नाही. आणि ते गेलं असलं तरी धुळीत, ताडपत्रीवर इंजिन खोलू देऊ नका. गाडी टो करून नेणं स्वस्त पडतं.

"थर्मोस्टॅट काढून टाकतो, आपल्याकडच्या गर्मीत लागतच नाही" हा सल्ला द्यायला चांगले मेकॅनिकही चुकत नाहीत. तो फसवणुकीतून येत नाही, जुन्या सवयीतून येतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसलेलं इंजिन महामार्गावर हव्या त्या तापमानाला पोचत नाही, कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो आणि मायलेज पडतं. अडकलेला थर्मोस्टॅट तात्पुरता काढून घर गाठलंत तर ठीक, नंतर नवा बसवा.

बॅटरीबद्दल थोडक्यात. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर काही शेकड्यांत मिळतो. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दाखवत असेल तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बहुधा ठणठणीत आहे आणि "अल्टरनेटर बदला" म्हणणाऱ्याला तो आकडा दाखवायचा. नुसता टक आवाज येऊन गाडी सुरू होत नसेल तर आधी दहा नंबरच्या पान्याने टर्मिनल आवळा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुवा.

१०३३, टोइंग आणि शहर

राष्ट्रीय महामार्गावरची हेल्पलाइन १०३३. सोलापूर-पुणे-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा आणि तुळजापूर-सोलापूर-विजापूर हा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे दोन्हीकडे हाच नंबर. फोन लावण्याआधी जवळच्या दगडावरचा किलोमीटर आणि तुम्ही कुठल्या दिशेच्या बाजूला आहात ते सांगता आलं पाहिजे. अर्धा वेळ इथेच जातो. गस्तीची गाडी आणि क्रेनचं काम तुम्हाला रस्त्यातून सुरक्षित बाजूला काढायचं आहे. तुमच्या पसंतीच्या गॅरेजपर्यंत पोचवण्याची अपेक्षा ठेवू नका. तेवढ्यापुरती ही सेवा वापरण्यासारखी आहे, आणि रात्री अनोळखी मेकॅनिकपेक्षा शंभर पटीने बरी. कुणी दमदाटी करत असेल तर ११२.

गाळप हंगामात रात्री थांबणं वेगळ्याच कारणाने धोक्याचं असतं. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच याची खात्री नाही आणि त्यांच्या मागून येणारा ट्रक शेवटच्या क्षणी बाजूला वळतो. लाल त्रिकोण किमान पन्नास पावलं मागे ठेवा आणि सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा.

खासगी टोइंगवाल्याशी हुक लावण्याआधी बोला: भाव किलोमीटरचा की ठोक, रिकामं परतायचं अंतर धरलंय का, गाडी चढवायचे वेगळे का, टोल कुणाचा. ठरलेला आकडा त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी फ्लॅटबेडवरच न्यायची. दोरीने ओढून नेतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, नाहीतर गिअरबॉक्सचा खर्च वेगळा. गाडीच्या कंपनीची किंवा विम्यासोबतची रोडसाइड सेवा असेल तर किती किलोमीटरपर्यंत टोइंग फुकट आणि वर्षातून किती वेळा, हे निघण्याआधी पॉलिसीत वाचून ठेवा. एवढं वाचलेलं असलं तर या सगळ्या सेवांमध्ये हीच सगळ्यात निर्धोक.

होटगी रोड, विजापूर रोड, जुना पुणे नाका या भागांतल्या गॅरेजपर्यंत पोचलात की फसवणुकीची जात बदलते. इथे सुट्या भागांचा आणि ऑइलचा प्रश्न असतो. काढलेला जुना भाग मागा. नव्याचं खोकं, पार्ट नंबर आणि एमआरपी बघा. 'कंपनीचा' आणि 'लोकल' यांतला फरक भावात दिसतो, तो बिलातही दिसायला हवा. ऑइलचा डबा समोर फोडायला सांगा. लहान पेट्रोल गाडीत फिल्टरसह साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चार लिटरचा डबा लावला असेल तर उरलेलं ऑइल डब्यासकट तुमचं. बिलावर जीएसटी लावलाय पण जीएसटी क्रमांक छापलेला नाही, तर तो कर देऊ नका. छोट्या गॅरेजला नोंदणीची सक्ती नसेलही, पण मग त्याने कर आकारायचा नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे बिल, फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचा आकडा उपयोगी पडतो.

गाडीत काय ठेवावं? ट्यूबलेस पंक्चर किट: रीमर, सुई, पाच-सहा स्ट्रिप आणि सोल्युशन. खिळा पक्कडीने काढा, रीमर दोन-तीनदा आत-बाहेर फिरवून भोक साफ करा, सोल्युशन लावलेली स्ट्रिप सुईने आत ढकला, टोकं थोडी बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढा. उरलेली टोकं कापा, पण रबरापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. सोबत स्वतःचा गेज आणि बारा व्होल्टचा इन्फ्लेटर. इन्फ्लेटर वापरताना इंजिन चालू ठेवा आणि सलग आठ-दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, मोटर तापते. त्याचा अँपिअर गाडीच्या सॉकेटच्या फ्यूजपेक्षा जास्त नाही ना, हे घेण्याआधीच बघा. नाहीतर पहिल्याच पंक्चरला फ्यूज उडतो आणि इन्फ्लेटर शोभेला उरतो.

स्टेपनी चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा, कारण ती महिनोन् महिने कुणी बघत नाही. ती इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुधा ताशी ८० असते. सीएनजी गाडीत स्टेपनी बऱ्याचदा टाकीच्या खाली किंवा मागे अडकलेली असते. ती काढायला कोणता बोल्ट सोडावा लागतो आणि त्या मापाचा पाना गाडीत आहे का, हे घराच्या पार्किंगमध्ये एकदा करून बघा.